दार उघडणारी बाई

गेल्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीच्या कार्यक्रमात पहिली-दुसरीतली एक मुलगी नाचली. पिवळा रेनकोट, पायात गमबूट, हातात मोठ्या माणसाची काळी छत्री. पार्किंगवर ताडपत्री बांधली होती आणि तिच्यावर खराखुरा पाऊस ताडताड वाजत होता. कोपऱ्यात बटाटेवड्यांचा घाणा चालू होता. गाणं होतं ‘सिंगिंग इन द रेन’. छत्री कुठे फिरवायची, कुठे मिटायची, कुठे काठीसारखी टेकून गिरकी घ्यायची, सगळं तिला चोख पाठ होतं. लोक ठेका धरून टाळ्या वाजवत होते. मला काही टाळी वाजवता येईना. पहिल्या ओळीलाच पोटात पीळ पडला आणि तिने ठेक्यावर गमबूट आपटला तेव्हा माझी मान आपोआप दुसरीकडे वळली. शेजारच्या काकूंनी हळूच विचारलं, “बरं वाटत नाहीये का गं?” मी म्हटलं, “उकडतंय जरा.” एवढ्याशा पोरीचा गोड नाच मला बघवत नाही, याचं कारण त्यांना कसं सांगणार?

ज्यांनी ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’ पाहिलाय त्यांना कारण सांगायला नको. १९५२ च्या सिनेमात जीन केली प्रेमात पडून भर पावसात, रिकाम्या रस्त्यावर नाचला होता, ते हे गाणं. दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिकने १९७१ मध्ये आपल्या या सिनेमात तेच अ‍ॅलेक्सच्या, म्हणजे त्यातल्या गुंड नायकाच्या तोंडी दिलं. पटकथेत ते नव्हतंच. अ‍ॅलेक्स आणि त्याची टोळी लेखकाच्या घरात घुसते, तो प्रसंग काही केल्या उभा राहत नव्हता, दिवसच्या दिवस चालले होते. तेव्हा कुब्रिकने अ‍ॅलेक्सचं काम करणाऱ्या मॅल्कम मॅकडॉवेलला विचारलं, तुला नाचता येतं का? मॅकडॉवेलने तोंडाला येईल ते गाणं म्हणायला सुरुवात केली आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी एक लाथ, एक थप्पड, पुन्हा एक लाथ. कुब्रिकने लगोलग गाण्याचे हक्क मिळवले. नटाला ऐन वेळी सुचलेल्या गोष्टीने जगभरातल्या किती माणसांचं एक आनंदाचं गाणं कायमचं काढून घेतलं असेल, कोण जाणे. माझं तर गेलंच.

मी हा सिनेमा पहिल्यांदा पाहिला तो कॉलेजात असताना, पुण्यात, एका मित्राच्या खोलीवर. जाडजूड मॉनिटरचा कॉम्प्युटर, कुणाकडून तरी कॉपी करून आणलेली सीडी, गादीवर दाटीवाटीने बसलेले पाच-सहा मुलगे आणि आम्ही दोघी. पहिल्याच चौकटीने खोली गप्प झाली होती. अ‍ॅलेक्सचा एक डोळा खोट्या पापण्यांचा, भुवयांखालून रोखलेली ती नजर, हातात दुधाचा ग्लास, आणि कॅमेरा मागे मागे सरकत जाताना वाजणारं ते पर्सेलचं शोकसंगीत, सिंथेसायझरवर वाजवल्यामुळे धातूसारखं थंड झालेलं. इतकं सुंदर आणि इतकं अमंगळ एकाच वेळी मी त्याआधी काही पाहिलं नव्हतं. आजही ती सुरुवात लागली की मी हातातलं काम सोडते. मग पुलाखालचा म्हातारा आला, मारामाऱ्या आल्या आणि ते घर आलं. गाणं सुरू झालं तशी माझी मैत्रीण “चहा टाकते” म्हणून उठली. खोलीत लाथांचा आवाज, आणि पडद्याआडच्या ओट्यावरून आलं किसल्याचा आवाज. एक मुलगा हसला. वाईट मुलगा नव्हता तो, आजही आमचा चांगला मित्र आहे. लाथ ठेक्यावर इतकी बरोबर पडत होती, की हसू येणं ही त्याच्या अंगातल्या तालाची प्रतिक्रिया होती. मला ते कळलं, कारण माझा पायही गादीच्या कडेवर हलत होता.

प्रसंग संपल्यावर कुणीतरी म्हणालं, “मागे घे रे जरा.” आणि आम्ही तो परत पाहिला.

त्या प्रसंगातला नाच सगळ्यांच्या लक्षात राहतो. मला आता त्याच्या आधीचं मिनिट जास्त आठवतं. रात्रीची वेळ, गावाबाहेरचं आधुनिक घर, आत नवरा टाइपरायटरवर काहीतरी लिहितोय, लाल कपड्यातली बायको पांढऱ्या गोल खुर्चीत वाचत बसलीये. बेल वाजते, आणि त्या घराची बेलसुद्धा बीथोवेनच्या पाचव्या सिंफनीचे पहिले चार सूर वाजवणारी. ती उठून दाराशी जाते. बाहेरून अ‍ॅलेक्सचा गोड, आर्जवी आवाज येतो: अपघात झालाय, मित्र रस्त्यात रक्ताच्या थारोळ्यात पडलाय, फोन करू द्याल का? ती म्हणते, आमच्याकडे फोन नाही, दुसरीकडे बघा. नीट ऐका, ती नाही म्हणते. मग आतून नवऱ्याचा आवाज येतो, कोण आहे? ती सांगते. आणि टाइपरायटरवरून न उठता तो म्हणतो, मग घे त्याला आत. ती दार उघडता उघडता दिलगिरीच्या सुरात सांगत असते, की एवढ्या रात्री आम्ही अनोळखी माणसांना सहसा आत घेत नाही. तिचं वाक्य पुरं होत नाही.

एड्रिएन कॉरीने या बायकोचं काम केलंय. दार उघडायला जातानाची तिची चाल, जरा कंटाळलेली, जरा सावध, मी अनेक बायकांमध्ये पाहिलीये. माझ्या आईमध्ये तर रोजच. आई पुण्यातली, आणि तिच्या पिढीच्या पुणेकरांना दाराची साखळी शिकवावी लागली नाही. १९७६ च्या जानेवारीपासून १९७७ च्या मार्चपर्यंत या शहरात दहा माणसं मारली गेली, त्यातली बहुतेक आपापल्या घरात. मारणारी मुलं विशीतली, चित्रकला शिकणारी, चारचौघांत उठबस असलेली. जोशी-अभ्यंकर एवढं म्हटलं तरी आजही आमच्याकडे जेवणाच्या टेबलावरचं बोलणं थांबतं. चौघांना १९८३ च्या नोव्हेंबरात येरवड्यात फाशी झाली. आई सांगते, तेव्हा संध्याकाळी सातनंतर डेक्कनवरसुद्धा चिटपाखरू नसायचं, आणि बेल वाजली की घरातली सगळी माणसं एकदम उभी राहायची. त्या मुलांचा आणि कुब्रिकच्या सिनेमाचा काडीचा संबंध नाही, तसं मला सुचवायचंही नाही. पण आमच्या दाराला दोन साखळ्या आहेत, एक वर आणि एक कमरेच्या उंचीवर, आणि वरची लावल्याचा खट्ट आवाज ऐकल्याशिवाय आई अजून झोपत नाही. अशा घरात वाढलेली मुलगी तो प्रसंग बघते तेव्हा तिचं लक्ष मुखवट्यांआधी दाराकडे जातं.

पुढे याच सिनेमात दुसरं एक दार येतं. मांजरं पाळणारी, घरात एकटी राहणारी बाई. तिच्याही दाराशी अ‍ॅलेक्स तोच अपघात, तोच रक्ताने माखलेला मित्र घेऊन येतो, शब्दसुद्धा तेच. ही बाई मात्र हुशार. आदल्या रात्री एका लेखकावर आणि त्याच्या बायकोवर हल्ला झाल्याचं तिने सकाळच्या पेपरात वाचलंय. ती दार उघडत नाही, सरळ पोलिसांना फोन लावते आणि शंका आली ती सांगते. सगळं जसं करायला हवं तसं करते. अ‍ॅलेक्स खिडकीतून आत येतो आणि ती मरते. नवऱ्याच्या शब्दावर दार उघडणारीही गेली आणि शहाणपणाने बंद ठेवणारीही. बायकांना लहानपणापासून ज्या सूचना दिल्या जातात, उशीर करू नकोस, अनोळखी माणसाला दार उघडू नकोस, शंका आली तर फोन कर, त्यांचं या सिनेमाने काय केलं हे पाहिलं की मला आजही सुन्न व्हायला होतं. आणि गंमत म्हणून नव्हे, फार गंभीरपणे सांगते, या सिनेमावरच्या एवढ्या चर्चा ऐकल्या, त्यांत ही दोन दारं कुणी शेजारी शेजारी ठेवलेली मी ऐकली नाहीत.

चर्चा होते ती अ‍ॅलेक्सची. तीही व्हायलाच हवी, तो प्रश्न खोटा नाही. खुनासाठी चौदा वर्षांची शिक्षा झालेला हा पोरगा दोन वर्षांत सुटायला मिळावं म्हणून सरकारच्या नव्या उपचाराला तयार होतो. डोक्याला पट्टे, पापण्या चिमट्यांनी ताणलेल्या, समोर पडद्यावर मारहाण, बलात्कार, नाझींच्या कवायती, आणि नसेत मळमळ आणणारं औषध. चित्रीकरणात मॅकडॉवेलच्या कॉर्नियाला खरोखर ओरखडा गेला. डोळ्यात थेंब टाकत शेजारी बसलेला माणूस खराच डॉक्टर होता. उपचार संपतो तेव्हा अ‍ॅलेक्सला हिंसेचा विचार आला तरी ओकारी येते. तुरुंगातला पाद्री एकटा उभा राहून म्हणतो, हा वाईट वागायचा थांबलाय, पण चांगलं-वाईट निवडू शकणारा माणूसही राहिलेला नाही. गृहमंत्री म्हणतो, असल्या बारकाव्यांत आम्हाला रस नाही, गुन्हे कमी झाले म्हणजे झालं. त्या पाद्र्याच्या बाजूने मी आजही उभी राहीन. माणसाच्या आत हात घालून त्याला चांगलं करण्याचा अधिकार सरकारला नाही, हे मला सिनेमा बघण्याआधी माहीत होतं, पण अंगावर काटा येऊन कळलं ते इथे.

फक्त, हे कळायला मला अ‍ॅलेक्सची कणव यावी लागते. आणि ती यावी म्हणून कुब्रिक काय काय करतो ते बघा. गोष्ट सांगणारा अ‍ॅलेक्स, विनोद करणारा अ‍ॅलेक्स, संगीत कळणारा अ‍ॅलेक्स. बाकी झाडून सगळे कुरूप, चिरक्या आवाजाचे, ढोंगी. कॅमेरासुद्धा त्याच्याच डोळ्यांनी बघतो. घरातला तो प्रसंग संपता संपता आपल्यासमोर उरतो तो नवऱ्याचा बोळा कोंबलेला चेहरा आणि अ‍ॅलेक्सचा लांब नाकाचा मुखवटा. ती चौकटीतून गेलेली असते. पुढे थेट दुसऱ्या अर्ध्यात, मार खाऊन, पावसात भिजून अ‍ॅलेक्स नकळत त्याच घराच्या दाराशी येऊन कोसळतो. आता नवरा चाकाच्या खुर्चीत आहे. बोलण्याच्या ओघात तो सांगतो, की त्या रात्रीनंतर काही महिन्यांनी फ्लूच्या साथीत बायको गेली. डॉक्टर न्यूमोनिया म्हणाले, पण मला ठाऊक आहे ती कशाने गेली. बस. तिचं मरण एवढंच, दोन-चार वाक्यांत, दुसऱ्याच्या तोंडून. ती माझ्या लिखाणाला वेळ मिळावा म्हणून सगळं करायची, असंही तो म्हणतो. तिचं नाव काय, ती त्या रात्री काय वाचत होती, त्या काही महिन्यांत ती कुणाशी बोलली का, तिला झोप लागायची का, यातलं काहीही सिनेमाला विचारावंसं वाटत नाही. श्रेयनामावलीतही ती मिसेस अलेक्झांडर.

आणि खऱ्या आयुष्यात तिला नाव होतं. लिन. ज्याच्या कादंबरीवर हा सिनेमा आहे त्या अँथनी बर्जेसची पहिली बायको. १९४४ साली, लंडन ब्लॅकआऊटमध्ये असताना, सैन्यातून पळालेल्या काही अमेरिकन सैनिकांनी तिला रस्त्यात गाठून लुटलं, बेदम मारलं. बर्जेस तेव्हा जिब्राल्टरला नोकरीवर. तिचा गर्भ त्यात गेला, असं तो सांगायचा. ती त्यातून पुरती कधी सावरली नाही, पीत राहिली आणि १९६८ मध्ये गेली, सिनेमा यायच्या आधी. १९६२ च्या कादंबरीत बर्जेसने त्या घरातल्या लेखकाला स्वतःचाच व्यवसाय दिला आणि तो जे टाइप करत बसलाय त्या हस्तलिखितालाही ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’ हेच नाव दिलं. मार खाणारा नवरा तो स्वतः आहे. पण गोष्ट मात्र सांगायला दिली अ‍ॅलेक्सला. आपल्या बायकोवर जे गुदरलं ते मारणाऱ्याच्या जिभेने, त्याच्या मस्तीने, त्याच्या चटपटीत भाषेत लिहून काढायचं, यासाठी माणसाला स्वतःपासून किती लांब जावं लागलं असेल? धाडस म्हणू की तेवढ्या जवळून बघवलंच नाही म्हणून शोधलेली वाट म्हणू, माझं अजून ठरत नाही. दोन्ही असेल.

कादंबरीचा शेवट आणि सिनेमाचा शेवट वेगळा, हा वाद जुना आहे. बर्जेसचं एकविसावं प्रकरण अमेरिकन आवृत्तीत गाळलं गेलं आणि कुब्रिकच्या हाती तीच आवृत्ती होती. त्या प्रकरणात अ‍ॅलेक्स मोठा होतो, मारामारीचा त्याला कंटाळा येतो, आपल्याला मुलगा व्हावा असं वाटायला लागतं. सिनेमात तसं काही नाही. तिथे मंत्री दवाखान्यात त्याला स्वतःच्या हाताने घास भरवतो, फोटो निघतात, अ‍ॅलेक्सच्या डोळ्यांत जुनी चमक परत येते आणि तो म्हणतो, मी पुरता बरा झालो होतो. मला सिनेमाचा शेवट जास्त खरा वाटतो. पण एका बाबतीत दोन्ही शेवट सारखेच आहेत: दोन्हींत ती बाई त्याच्या मनातही येत नाही. आणि सिनेमात त्या शेवटच्या वाक्यानंतर, नावं येऊ लागली की जीन केलीच्या आवाजातलं मूळ गाणं लागतं. तेच ते, पावसातलं, प्रेमातलं, हसरं. त्या रात्री मित्राच्या खोलीत सगळे आळस देत उठले, कुणी दिवा लावला, कपबशा गोळा झाल्या आणि मागे ते गाणं चालू राहिलं. मी तेव्हा पहिल्यांदा घाईघाईने कॉम्प्युटरचे स्पीकर बंद केले.

उपचार चालू असताना अ‍ॅलेक्सचा लाडका बीथोवेन मागे वाजत असतो. नववी सिंफनी. ते लक्षात आल्यावर तो गलबलून ओरडतो, हे पाप आहे, त्याने कुणाचं काय वाकडं केलं होतं, त्याने नुसतं संगीत रचलं! डॉक्टर शांतपणे म्हणतो, इलाज नाही, एवढा भाग शिक्षेचा समजा. मला हा क्षण सगळ्या सिनेमात सगळ्यात हुशारीने रचलेला वाटतो, कारण अ‍ॅलेक्सवर बीथोवेनचं जे होतं ते प्रेक्षकावर त्या पावसाच्या गाण्याचं होऊन चुकलेलं असतं. आम्हालाही डोळे उघडे ठेवायला लावून, ठेका धरायला लावून, मळमळ जोडून दिलेली असते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये माझी मान वळली ती माझ्या मर्जीने नव्हे. तरीही, पाद्री काहीही म्हणो, ती मळमळ मला नकोशी वाटत नाही. त्या बाईचं सिनेमात काही उरलेलं नाही, नाव नाही, कबर नाही, शेवटचा शब्द नाही. माझ्या पोटात जो पीळ पडतो तेवढीच तिची नोंद असेल तर ती मी ठेवणार आहे, एक गाणं गेलं तरी.

इंग्लंडमध्ये सिनेमा १९७२ च्या जानेवारीत लागला आणि तुफान चालला. मग पोरांच्या मारामाऱ्यांच्या बातम्यांत, कोर्टातल्या युक्तिवादांत त्याचं नाव येऊ लागलं. कुब्रिकचं म्हणणं होतं की कलाकृती कुणाला गुन्हेगार करत नाही. पण घरी धमक्या येऊ लागल्या तेव्हा त्यानेच सांगून तो तिथल्या थिएटरांतून काढून घेतला. १९९९ मध्ये कुब्रिक गेला, आणि २००० मध्ये सिनेमा तिथे परत लागला. मधल्या वर्षांत लोक तो बघायला पॅरिसला जायचे. आपल्या बायकामुलांच्या दाराशी भीती आली तेव्हा त्या माणसाने काय केलं, हे मला त्याच्या सगळ्या मुलाखतींपेक्षा जास्त सांगून जातं. यात त्याला कमी लेखायचा हेतू नाही. मीही तेच केलं असतं.

माझी भाची यंदा मुंबईत सिनेमा शिकतेय. तिच्या वर्गात हा दाखवला. रात्री फोन आला, अर्धा तास ती लेन्सबद्दल, त्या पांढऱ्या कपड्यांबद्दल, चित्रीकरण झालं त्या लंडनच्या थेम्समीड वसाहतीतल्या काँक्रीटबद्दल बोलत होती. मी तिला माझं गाऱ्हाणं ऐकवलं, की त्या बाईला या माणसाने जागाच दिली नाही. ती जरा थांबली आणि म्हणाली, “मावशी, पण ती आधी नाही म्हणते, ते ठेवलंय ना त्याने. नवऱ्याचं ‘घे आत’ पण ठेवलंय. नको असतं तर तिने पहिल्या बेललाच दार उघडलं असतं, कुणाला काही वाटलं नसतं.” फोन ठेवल्यावर मी कादंबरी काढली. तिथेही ती आधी नाहीच म्हणते. तिथे दाराला साखळीसुद्धा आहे. मित्रासाठी निदान पाणी तरी द्या म्हटल्यावर ती पाणी आणायला आत वळते आणि अ‍ॅलेक्स फटीतून हात घालून साखळी काढतो. हे वाक्य मी आधी वाचलं होतं, पण लिनची हकीकत माहीत झाल्यानंतर पहिल्यांदाच वाचत होते. बायकोवर हल्ला झाला तेव्हा दूर जिब्राल्टरला असलेल्या माणसाने लिहिलेली ती साखळी.

भाचीला मी एवढं कबूल केलं, की ते मिनिट तिथे आहे आणि ते कुणीतरी विचार करून ठेवलंय. पण एकशे छत्तीस मिनिटांतलं एक मिनिट मला पुरत नाही, असंही सांगितलं. तिला ते पटलेलं नाही. दिवाळीत ती पुण्याला येतेय, तेव्हा एकत्र बघायचं ठरलंय, तिच्या आजीला शेजारच्या खोलीत झोपवून.